टॉम आणि जेरी घरी आणताना: कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वाड्यात एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने यायचा. वर्गणी काढून आणलेले तीन सिनेमे आणि शेवटी, मोठी माणसं जांभया द्यायला लागली की, टॉम-जेरीची कॅसेट. आजीला इंग्रजी येत नव्हतं, हिंदीही जेमतेमच. पण त्या कॅसेटला ती आमच्याइतकीच हसायची. त्या कॅसेटपासून आजच्या ब्लू-रेपर्यंत मी ही कार्टून्स जमवत आलो आहे, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक मलाच विचारतात: कुठला संच घेऊ, जुन्या सीड्यांचं काय करू, अमुक प्रसंग आता दिसत का नाही? वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

"सगळी टॉम-जेरी" म्हणजे नेमकी किती?

चित्रपटगृहांसाठी बनलेली मूळ मालिका १६१ कार्टून्सची धरतात, पण ती तीन वेगवेगळ्या हातांतून उतरली आहे. खरेदी करताना हे ठाऊक असलं तर निम्मा गोंधळ कमी होतो.

पहिली ११४ विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत १९४० ते १९५८ या काळात केली. आपल्या डोक्यात बसलेले टॉम-जेरी ते हेच. मग एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्राग शहरात १३ कार्टून्स बनवली. त्यांतला घुमणारा आवाज आणि झटके देत हलणारी चित्रं चटकन ओळखू येतात. त्यानंतर १९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्स यांची ३४ आली. त्यांतल्या टॉमच्या भुवया जाड आहेत आणि जेरीचे कान जरा जास्तच मोठे.

कव्हरवर कुणाचं नाव आहे, कोणती वर्षं छापली आहेत, हे आधी पाहा. नुसतं 'टॉम अँड जेरी' लिहिलेलं असेल तर आत काहीही असू शकतं: १९७० च्या दशकात टीव्हीसाठी काढलेली स्वस्त मालिका, लहानग्या टॉम-जेरीची १९९० ची मालिका किंवा २००० नंतर थेट डिस्कसाठी बनलेले तास-सव्वा तासाचे सिनेमे. मुलांना तेही आवडतात आणि त्यात वाईट काहीच नाही. पण तुम्ही 'ती लहानपणीची' शोधत असाल तर हाती निराशा येईल.

मला फक्त एकच संच घ्यायचा आहे. कोणता घेऊ?

हॅना-बार्बेरांची सगळी ११४ कार्टून्स न कापता एकत्र देणारा संच आता या कार्टून्सची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये काढला. 'गोल्डन एरा अँथॉलॉजी, १९४०-१९५८' असं त्याचं नाव. एकच घ्यायचा तर हा घ्या. तो यायला इतकी वर्षं का लागली, हे पुढे सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

त्याआधीच्या संचांत काय कमी होतं?

२००४, २००५ आणि २००७ मध्ये 'स्पॉटलाइट कलेक्शन' या नावाने डीव्हीडीचे तीन खंड निघाले. तिन्ही मिळून ११४ पैकी ११२ कार्टून्स होती. दोन मुद्दाम वगळलेली: १९४८ चं 'माऊस क्लीनिंग' आणि १९५१ चं 'कॅसानोव्हा कॅट'. शिवाय घेतलेल्यांपैकी काहींना कात्री लागलेली होती. १९५१ चं 'हिज माऊस फ्रायडे' त्यांतलंच.

मग २०११ च्या ऑक्टोबरमध्ये 'गोल्डन कलेक्शन'चा पहिला खंड ब्लू-रेवर आला. सुरुवातीपासूनची ३७ कार्टून्स, क्रमाने आणि न कापता. जमवणाऱ्यांना वाटलं, आता मिळणार सगळं. आता क्रम पाहा. सदतिसावं कार्टून 'प्रोफेसर टॉम' आणि अडतिसावं नेमकं 'माऊस क्लीनिंग'. म्हणजे दुसऱ्या खंडाची सुरुवातच त्या अडचणीच्या कार्टूनपासून व्हायला हवी होती. दुसरा खंड जून २०१३ ला येणार असं जाहीर झालं, यादी बाहेर आली आणि तिच्यात ती दोन कार्टून्स नव्हती. चाहत्यांनी एवढी नाराजी दाखवली की तो खंड बाजारात आलाच नाही. पुढची बारा वर्षं ज्यांच्याकडे पहिला खंड होता त्यांच्या कपाटात शेजारची जागा रिकामीच राहिली.

त्या दोन कार्टून्समध्ये असं काय आहे?

'माऊस क्लीनिंग'मध्ये टॉम कोळशाने माखतो. त्या काळ्या तोंडाने तो कृष्णवर्णीय माणसाच्या ठरावीक, थट्टेच्या ढंगात बोलतो आणि चालतो. 'कॅसानोव्हा कॅट'मध्ये टॉम सिगारच्या धुराने जेरीचं तोंड काळं करतो आणि त्याला नाचायला लावतो.

आपल्याकडे हे पाहताना कुणाला काही खटकत नाही, कारण मागचा इतिहास आपल्यासमोर नसतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत. आळशी, भित्रा, मठ्ठ, नाचरा अशी ती नक्कल असे आणि तिकीट काढून लोक ती बघत. कार्टूनमधला विनोद सरळ तिथून आला आहे. ज्यांच्या आजी-आजोबांना हसण्याचा विषय केलं गेलं, त्यांना तो विनोद बोचतो आणि तो बोचणं योग्यच आहे. एखाद्या जुन्या तमाशापटात आपल्याच गावातल्या एखाद्या जातीची अशीच टिंगल पाहिली की आपल्याला कसं वाटतं, ते आठवून बघा.

तरीही कात्री लावणं हा त्यावरचा उपाय नाही, असं मला मनापासून वाटतं. प्रसंग कापला की कार्टून तर मोडतंच, शिवाय असं कधी घडलं होतं याचा पुरावाही पुसला जातो. सुरुवातीला स्पष्ट शब्दांत सूचना द्यावी, मोठ्यांसाठीच्या संचात ठेवावं आणि पूर्ण दाखवावं. 'लूनी ट्यून्स'च्या तिसऱ्या 'गोल्डन कलेक्शन'मध्ये कृष्णवर्णीय अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग यांनी अशीच प्रस्तावना केली आहे: त्या काळचे पूर्वग्रह तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहेत, पण ते झाकणं म्हणजे ते नव्हतेच असं म्हणण्यासारखं आहे, असा तिचा आशय. लहान मुलांसोबत पाहायचं असेल तर ही दोन सोडून ११२ आहेतच.

घरकाम करणाऱ्या त्या बाईंचा आवाज वेगवेगळ्या डिस्कवर वेगळा का येतो?

कारण तो खरोखर वेगळा आहे. चप्पल आणि पाय एवढेच दिसणाऱ्या त्या बाईंचं पात्र पहिल्याच कार्टूनपासून, १९४० पासून, आहे. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. त्या पात्रावर आक्षेप घेतले जात होते आणि १९५२ नंतर ते मालिकेत दिसत नाही.

१९६० च्या दशकात ही कार्टून्स टीव्हीवर आली तेव्हा चक जोन्स यांच्या मंडळींनी काही कार्टून्समध्ये चित्रच बदललं. कृष्णवर्णीय बाईंच्या जागी एक गोरी तरुणी काढली आणि तिला जून फोरे यांचा आवाज दिला. १९९० च्या दशकात पुन्हा मूळ चित्रं घेतली, पण आवाज थिआ विडाल यांच्याकडून नव्याने भरून घेतला, बोलण्याची ढब बदलून. म्हणजे एकाच प्रसंगाच्या तीन आवृत्त्या फिरत आहेत. टीव्हीवरून उतरवलेल्या कॅसेटवर एक असेल तर डीव्हीडीवर दुसरी. मूळ ऐकायचा असेल तर रँडॉल्फ यांचा आवाज असलेली प्रत शोधा. तिच्या दारातून येणाऱ्या 'थॉमस!' या हाकेत जी जरब आहे, ती नंतरच्या आवाजांत उतरलेली नाही.

ज्यांना तिचा चेहरा कधीच दिसला नाही असं वाटतं त्यांच्यासाठी: १९५० च्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पुस'मध्ये ती धावत येते तेव्हा क्षणभर दिसतो. डिस्क असेल तर थांबवून पाहता येतो. कॅसेटवर थांबवलं की चित्र थरथरायचं.

सुरुवातीची कार्टून्स ब्लू-रेवरसुद्धा थोडी मऊ, धूसर का दिसतात?

त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घेणारी. एमजीएमच्या जुन्या कार्टून्सची बरीचशी मूळ निगेटिव्ह आगीत गेली. मग डिस्क बनवायला हाती राहतात त्या नंतर काढलेल्या प्रती. प्रतीची प्रत काढली की रेषेची धार कमी होते, दाणे वाढतात. १९५० च्या दशकातली कार्टून्स त्या मानाने लख्ख दिसतात.

पुन्हा प्रदर्शित करताना सुरुवातीच्या पाट्या बदलल्या जात, म्हणून अनेक कार्टून्सच्या अस्सल पहिल्या पाट्या डिस्कवर दिसत नाहीत. हा डिस्क काढणाऱ्यांचा आळस नाही.

एक दोष मात्र नक्की त्यांचा. डाग पुसण्यासाठी संगणकाकडून जी सफाई करतात ती जास्त झाली तर वेगाने हलणाऱ्या बारीक रेषाही 'डाग' समजून पुसल्या जातात. टॉम धावतो तेव्हा त्याच्या मिशा तुटक दिसल्या तर समजा, सफाई हाताबाहेर गेली. 'स्पॉटलाइट'च्या काही कार्टून्समध्ये हे दिसतं. मला स्वच्छ पण मिशा नसलेल्या टॉमपेक्षा थोडे ओरखडे असलेला टॉम केव्हाही चालेल.

चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या वाटतात. माझा टीव्ही बिघडलाय का?

नाही. १९५४ पासून काही कार्टून्स सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद पडद्यासाठी बनली आणि १९५६ पासून तर सगळीच. जुन्या चौकोनी टीव्हीत बसवण्यासाठी त्यांच्या बाजू कापल्या. जेरी कडेला उभा असेल तर तो चित्राबाहेरच जातो. रुंद प्रतीत वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि त्याच बरोबर आहेत.

उलट, १९४० च्या दशकातली कार्टून्स चौकोनीच आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर ती पाहताना डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या यायला हव्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून भरलं असेल तर टॉम लठ्ठ दिसतो. ते बंद करा.

घरात पन्नासेक जुन्या व्हीसीडी आहेत. ठेवू की भंगारात देऊ?

आधी त्या संगणकावर उतरवून घ्या. उतरवल्यावर काय ठेवायचं ते ठरवा.

व्हीसीडीवर चित्र फार लहान असतं, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीवर त्याच्या चौपट ठिपके असतात. ७४ मिनिटांत आठ-दहा कार्टून्स बसायची. आजच्या मोठ्या टीव्हीवर ती चौकटी-चौकटींची दिसतात, हे खरं. तरी आपल्या घराघरांत ही कार्टून्स पोचली ती व्हीसीडीमुळेच. तिला डीव्हीडीसारखं प्रदेशाचं, म्हणजे ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याचं, बंधन नव्हतं, प्लेअर स्वस्त होते आणि २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केल्यावर घर चालवणाऱ्या माणसालाही चोरीची प्रत घ्यायचं कारण उरलं नाही. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, किराणा दुकानात, पेनांच्या शेजारी सीड्या लटकलेल्या मला आठवतात.

उतरवण्याची रीत सोपी आहे. डिस्क संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातल्या 'डॅट' फाइल्स म्हणजेच कार्टून्स. व्हीएलसी प्लेअरमध्ये त्या तशाच चालतात. घाई एवढ्यासाठी, की माहिती साठवायच्या सीडीवर चुका दुरुस्त करायला जादा जागा राखून ठेवलेली असते. व्हीसीडीवर ती जागासुद्धा चित्रासाठी वापरली आहे. म्हणून तेवढ्याच ओरखड्याने माहितीची सीडी वाचली जाते आणि व्हीसीडी अडकते. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल कधीच नको. टूथपेस्टचे प्रयोग करू नका.

लहानपणीची व्हीएचएस कॅसेट सापडली, फितीवर पांढरट काहीतरी आहे. लावून बघू?

लावू नका. ती बुरशी आहे. कोकणात, मुंबईत, जिथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते तिथे बंद कपाटातल्या कॅसेटचं हेच होतं. ती व्हीसीआरमध्ये घातली तर हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, बुरशी लागते आणि मग त्यात घातलेली प्रत्येक चांगली कॅसेट खराब होते. पुढचं झाकण उघडून फीत उजेडात धरून पाहा. पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं की ती प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि फिती साफ करून देणाऱ्या माणसाकडेच द्या.

फीत स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मगच लावा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेली फीत चिकटलेली असते. व्हीसीआरपासून संगणकापर्यंत चित्र नेणारं छोटं कॅप्चर यंत्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. व्हीसीआर मात्र चालू स्थितीतला आणि हेड साफ केलेला हवा. जगातला शेवटचा मोठा व्हीसीआर उत्पादक, जपानची फुनाई कंपनी, २०१६ मध्ये थांबली. म्हणजे आज जो मिळेल तो जुनाच. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधून मिळतो, पण तिथेच वीज जोडून चालवून दाखवायला सांगा.

तुमच्या कॅसेटवरची कार्टून्स आज ब्लू-रेवर कितीतरी चांगली मिळतात. तरी कॅसेट उतरवून ठेवावी असं मी सांगतो, कारण मध्ये कुठेतरी त्या काळची जाहिरात असते, लायब्ररीवाल्याने टाकलेली पाटी असते, कधी कुणाच्या मुंजीच्या शूटिंगचा उरलेला तुकडा असतो. ते पुन्हा कुठेही विकत मिळणार नाही.

अमेरिकेतल्या बहिणीकडून डिस्क मागवली तर इथे चालेल का?

डीव्हीडी असेल तर अमेरिका पहिल्या प्रदेशात येते आणि भारत पाचव्या. फक्त पाचव्या प्रदेशाचा प्लेअर ती डिस्क नाकारेल. आपल्याकडचे बरेच स्वस्त प्लेअर सगळे प्रदेश चालवतात किंवा रिमोटवर ठरावीक आकडे दाबून मोकळे करता येतात. तरी मागवण्याआधी पुस्तिका वाचा. ब्लू-रेमध्ये अमेरिका 'ए'मध्ये आणि भारत 'सी'मध्ये. कित्येक ब्लू-रे डिस्कना प्रदेशाचं कुलूप नसतं, पण कव्हरच्या मागची खूण बहिणीला फोटो काढून पाठवायला सांगा.

अमेरिकी डीव्हीडीचा एक फायदाही आहे. भारत आणि युरोपातल्या पॅल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, फिल्मवर २४. त्यामुळे पॅल प्रतीत सगळं चार टक्के वेगाने पळतं. सात मिनिटांचं कार्टून सुमारे १७ सेकंद लवकर संपतं आणि संगीताची पट्टी किंचित चढते. मालिकेचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी प्रत्येक पावलाला, प्रत्येक आपटण्याला मोजून सूर दिला आहे, आणि टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनांची. कान तयार असेल तर फरक कळतो. ब्लू-रेवर मूळ वेग मिळतो.

ऑनलाइन 'संपूर्ण संग्रह, १६१ भाग' स्वस्तात दिसला. घेऊ?

मी एकदा घेतला. पेनड्राइव्ह आला. अर्ध्या कार्टून्सच्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह पुसट करून झाकलेलं, काहींचा शेवट तुटलेला, आठ-दहा तर दोनदा. विकणाऱ्याने नंतर उत्तर दिलं नाही. खऱ्या संचावर प्रकाशकाचं नाव, वर्ष आणि कार्टून्सची यादी छापलेली असते. यादी नसेल तर पैसे देऊ नका.

दूरदर्शनवरचं हिंदी 'जंगल बुक'ही असंच परदेशी डिस्कवर मिळेल का?

चित्रं मिळाली तरी आवाज मिळणार नाही, हे आधी समजून घ्या. ती ५२ भागांची मालिका जपानच्या निप्पॉन अॅनिमेशनची, १९८९ ची. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, हे सगळं इथे भारतात चढवलेलं. परदेशातल्या डिस्कवर ते येत नाही. टॉम-जेरीला ही अडचण कधी आली नाही, कारण त्यांना बोलायचंच नव्हतं.

चार वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा दाखवायचंय. कुठलं लावू?

'कॅट कॉन्चेर्टो' लावा. टॉम कोट घालून पियानोवर फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी वाजवतोय आणि जेरी पियानोच्या आत झोपलाय, एवढीच गोष्ट. मालिकेला मिळालेल्या सात ऑस्करपैकी चौथं याचं. आधीची तीन 'यँकी डूडल माऊस', 'माऊस ट्रबल' आणि 'क्वायट प्लीज!' यांची. ही चारही २०११ च्या ब्लू-रेवर आहेत. उरलेली तीन, 'लिटल ऑर्फन', 'टू माउस्कटिअर्स' आणि 'योहान माऊस', त्या न आलेल्या दुसऱ्या खंडाच्या वाट्याची किंवा त्याच्याही पुढची. ती आता ११४ च्या संचात मिळतात.

अगदी पहिलं, १९४० चं 'पुस गेट्स द बूट', नंतर कधीतरी दाखवा. त्यात टॉमचं नाव जॅस्पर आहे. ते ऐकून मुलं हमखास विचारतात, "मग टॉम कुठे गेला?"